भरवशाला दहापैकी दहा

मी आयुष्यात एकच खोटा आकडा दिला, आणि माझ्या भाचीने नेमका त्याच आकड्यावर विश्वास ठेवून गाडी घेतली. यापुढे जे सांगणार आहे ते रागाने सांगणार आहे आणि त्यातला बराचसा राग दुसऱ्यांवर काढणार आहे. म्हणून ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी.

माझी सगळी नोकरी नाशकात पाणी आणि माती तपासण्यात गेली. लोक बाटली घेऊन यायचे, आम्ही तपासून आकडा द्यायचो. दिसायला सोपं काम. पण आकडा देण्याआधी विचारावं लागतं की नमुना कोणी घेतला, कधी घेतला आणि कशात आणला. फवारणीच्या औषधाच्या बाटलीत पिण्याचं पाणी आणणारे लोक मी पाहिले आहेत. ‘तीनदा विसळली साहेब’ म्हणून ते शपथेवर सांगायचे. त्यांच्याहून हुशार लोक शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आणून बाटलीवर आपल्या विहिरीचं नाव टाकायचे, कारण शेजाऱ्याचा दाखला चांगला आलेला असायचा. अशांना मी बाटली परत द्यायचो. दोन-चार जण चिडून वरपर्यंत गेले, वरून फोनही आले, पण माझा आकडा कधी बदलला नाही. याचा मला भारी अभिमान होता आणि तो मी घरात सगळ्यांना पुरेपूर ऐकवत असे.

कोणी म्हणालं अमुक डॉक्टर चांगला, तमुक क्लास चांगला, की माझं वाक्य ठरलेलं असायचं: ‘बोललेलं सोडा, लिहिलेलं दाखवा.’ बायको या वाक्याला विटली होती. भाचीवर मात्र त्याचा परिणाम झाला. दहावीनंतर दोन वर्षं ती शिकायला आमच्याकडे होती. सुट्टीत माझ्याबरोबर प्रयोगशाळेत यायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची आणि मी कोणाची बाटली परत करतो ते डोळे मोठे करून बघायची. माझ्या बहिणीची ही मुलगी आता दिंडोरीत, माहेराजवळच असते. नवरा शाळेत क्लार्क आहे आणि हिचा स्वतःचा धंदा आहे. हॅचरीतून कोंबडीची एक दिवसाची पिल्लं उचलायची आणि निफाड, येवला, नांदगावपर्यंतच्या शेडवाल्यांना नेऊन द्यायची. गाडी ती स्वतःच चालवते.

एक दिवसाचं पिल्लू हा विचित्र माल आहे. त्याला दोन दिवस खायला दिलं नाही तरी ते तग धरतं, पण बंद गाडीत वारा थांबला की थोड्या वेळात मान टाकतं. त्यामुळे भाचीच्या धंद्याला गाडीपेक्षाही गाडीतले पंखे महत्त्वाचे. हे लक्षात असू द्या.

मी निवृत्त झालो तेव्हा घरी बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालणं मला जमेना. गावोगाव जाऊन बांधावरच पाणी-माती तपासून द्यायची असं ठरवलं. त्यासाठी अशी पिकअप हवी होती की मागे फ्रीज आणि चार यंत्रं चालतील. त्याच सुमारास हायब्रीड पिकअप बाजारात आली. डिझेलचं इंजिन, त्याच्या जोडीला मोठी बॅटरी आणि मोटर. चढावर बॅटरी इंजिनाला हात देते आणि गाडी उभी असताना मागच्या हौद्यात वीज मिळते. मला हवं ते सगळं तिच्यात होतं. एवढंच विचारायचं राहिलं होतं की गाडी टिकते का.

मग मी महिनाभर इंटरनेटवर गाड्यांच्या भरवशाचे गुण वाचत बसलो. असा महिना कोणाच्या वाट्याला येऊ नये.

पहिली जात मालकांच्या ताऱ्यांची. ‘आजच गाडी घरी आणली, एकदम भरवशाची, पाच तारे.’ भरवसा आठव्या-दहाव्या वर्षी कळतो, आणि या गृहस्थांनी अजून सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. एकाने शोरूममध्ये कॉफी चांगली मिळाली म्हणून पाच तारे दिले होते. दुसऱ्याला हवा तो रंग मिळाला नव्हता, म्हणून त्याने एक दिला होता. या सगळ्याची बेरीज-भागाकार करून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: चार पूर्णांक सहा. दशांश चिन्ह दिसलं की लोकांना वाटतं कोणीतरी मोजलं असणार. कॉफी आणि रंग यांची सरासरी काढणाऱ्या माणसाला मी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायलाही ठेवला नसता.

दुसरी जात परदेशी याद्यांची. तिथे हिरवे, पिवळे, लाल गोल असतात, त्यामुळे काम शास्त्रीय वाटतं. आमच्या पिकअपला हिरवा गोल होता. मी चष्मा पुसून खालचा बारीक मजकूर वाचला. गाडी नवी असल्याने तिच्याबद्दलची माहिती पुरेशी नाही, सबब हा गुण आधीच्या डिझेल मॉडेलवरून अंदाजाने दिला आहे, असं त्यात होतं. म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी. जुन्या गाडीत बॅटरी नव्हती, मोटर नव्हती, त्यांना जोडणाऱ्या जाडजूड केशरी वायरी नव्हत्या. जे बिघडण्याची भीती, तेच जिच्यात नाही त्या गाडीचा दाखला हिला चिकटवलेला. शिवाय ज्यांनी त्या जुन्या गाडीचे गुण भरले होते, ते लोक थंड मुलखात राहतात आणि पिकअपमधून कुत्रा आणि सायकल नेतात. नांदगावच्या उन्हाचं आणि आमच्या रस्त्यांचं त्यांना काय देणंघेणं.

तिसरी जात आपल्या इकडची, तोंडी. इकडे स्वतःच्या गाडीला कोणी नाव ठेवत नाही. एक तर ती कधीतरी विकायची असते. दुसरं म्हणजे गाडी वाईट म्हटली की घेणारा मूर्ख ठरतो, आणि चारचौघांत मूर्ख ठरण्यापेक्षा लोक गाडी ढकलत न्यायला तयार असतात. पिंपळगावच्या अलीकडे एका ढाब्यावर हीच पिकअप उभी दिसली म्हणून मी तिच्या मालकाला विचारलं. ‘लय भारी गाडी हाय साहेब, डोळे झाकून घ्या,’ तो म्हणाला. ॲव्हरेज सांगितलं, चढावरची ताकद सांगितली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात टोइंगची गाडी आली आणि त्याचीच पिकअप उचलून घेऊन गेली. तो तिच्यामागे निघाला, तेव्हाही वळून म्हणाला, ‘किरकोळ हाय, वायरिंगचं.’

एवढं सगळं दिसत असूनही मी गाडी घेतली. मला हौद्यात वीज हवी होती आणि दुसरी तशी गाडी नव्हती. गरज असली की माणूस बारीक मजकूर वाचतो आणि विसरतो.

गाडी ताब्यात घेण्याचा समारंभ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडीवर लाल कापड. चाकांखाली लिंबं. नारळ, हळद-कुंकू, पेढे, मोठ्या आवाजात गाणं, आणि दरवाज्याएवढी पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन फोटो. मग विक्रीवाल्याने टॅब पुढे केला. त्यावर प्रश्न होते आणि त्यातला एक असा: गाडीच्या भरवशाबद्दल किती तारे द्याल? त्याचं बोट पाचव्या ताऱ्यावर तयारच होतं. मी काच खाली करून मीटर बघायला सांगितलं. गाडी अकरा किलोमीटर चालली होती, तीही यार्डातून कोणीतरी चालवत आणली म्हणून.

‘सर, सगळे देतात,’ तो म्हणाला.

‘सगळे देत असतील. मी गाडी चालवलेली नाही,’ मी म्हणालो आणि रकाना रिकामा ठेवायला लावला. त्याचं तोंड एवढंसं झालं. घरी जाताना बायको म्हणाली की निदान पेढा तरी घ्यायचा होता. मला मात्र स्वतःचं कौतुक वाटत होतं. तो रिकामा रकाना मी नंतर पुष्कळ लोकांना रंगवून सांगितला.

पहिल्या आठ महिन्यांत गाडी तीनदा उभी राहिली. पहिल्यांदा पेठ रस्त्याच्या चढावर, दुसऱ्यांदा दिंडोरीजवळ एका द्राक्षबागेच्या बांधावर, तिसऱ्यांदा द्वारका चौकात भर दुपारी, मागे अर्धं नाशिक हॉर्न वाजवत असताना. दर वेळी तेच. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, ‘हायब्रीड यंत्रणा तपासा’ असा संदेश, आणि मग गाडी मेल्यासारखी गप्प. हौद्यातली वीजही बंद. दर वेळी सर्व्हिस सेंटरने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि सॉफ्टवेअर अपडेट केलं म्हणून परत दिली. पूर्वी गाडी बिघडली की काहीतरी तुटलेलं असायचं आणि मेकॅनिक ते हातात आणून दाखवायचा. आता नुसतं ‘अपडेट’ म्हणतात आणि आपण मान डोलावतो.

तिसऱ्या वेळी काउंटरवर नवी मुलगी होती. तिने माझं नाव वाचलं आणि उठून उभी राहिली. आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारे जे सेवक होते, त्यांची ती मुलगी. वडील आता नाहीत. त्यांनी धुतलेल्या बाटलीत मी वीस वर्षांत एकदाही डाग पाहिला नव्हता, आणि माझे आकडे अर्धे त्यांच्या हातांवर उभे होते हे मला तेव्हाही कळत होतं. मुलीने मला चहा आणून दिला. गाडीची किल्ली देताना ती हळूच म्हणाली, ‘काका, दोन दिवसांनी फोन येईल. दहापैकी किती असं विचारतील. दहा म्हणा.’

‘आणि नऊ म्हटलं तर?’

‘नऊ म्हणजे नापास.’

‘आणि आठ?’

‘आठ आले की केबिनमध्ये बोलावतात. तीनदा बोलावलं की काउंटर बदलतात, मग घरी.’

तिने हे रडून वगैरे सांगितलं नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी मनातल्या मनात हसलो. दहापैकी नऊ नापास असणारी परीक्षा ज्याने काढली, त्याला स्वतःला शाळेत किती पडत होते हे मला बघायला आवडलं असतं.

फोन आला. बाईंचा आवाज गोड होता. सेवेबद्दल एकही प्रश्न नव्हता. प्रश्न एकच: आपली गाडी आपल्याला किती भरवशाची वाटते, एक ते दहा? मी विचारलं, हे गुण कोणाला जातात? आपल्या सर्व्हिस ॲडव्हायझरच्या नावावर, त्या म्हणाल्या. म्हणजे प्रश्न गाडीचा आणि निकाल त्या मुलीचा. गाडीबद्दल खरं बोललो असतो तर तीन म्हणालो असतो आणि ते तीन बाटल्या धुणाऱ्या त्या माणसाच्या मुलीच्या डोक्यावर पडले असते. मी दहा म्हणालो.

तिथेच थांबलो असतो तर एक वेळ दया म्हणून खपलं असतं. पण संध्याकाळी त्या मुलीने एक लिंक पाठवली. ‘काका, दोन ओळी लिहाल का? हुद्द्यासकट लिहिलं तर फार बरं होईल.’ आणि मी लिहिलं. ‘तीस वर्षं प्रयोगशाळेत मोजमापाचं काम केलेला माणूस म्हणून सांगतो, ही भरवशाची गाडी आहे. निश्चिंत होऊन घ्यावी.’ खाली पूर्ण नाव, निवृत्त प्रयोगशाळा प्रमुख, नाशिक. दहा गुण. पाच मिनिटांत ते सगळ्यांना दिसू लागलं, कोणी काही तपासलं नाही. मी ते दोनदा वाचलं आणि मला माझं वाक्य आवडलं. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मुलीची दया आली होती हे खरं, पण त्या दोन ओळी मी काही दयेपोटी लिहिल्या नव्हत्या. कोणीतरी माझा हुद्दा मागितला याचा मला आनंद झाला होता.

पुढे दिवाळीत आम्ही बहिणीकडे दिंडोरीला गेलो. अंगणात माझी पिकअप उभी, भोवती पाहुणे. भाचीने फराळाची ताटली हातात देत विचारलं, ‘मामा, गाडी कशी हाय? माझी जुनी आता लय कुरकुर करायला लागली. हिच्यात पंख्याला वीज मिळती म्हणं.’

सगळे माझ्याकडे बघत होते. तीनदा उभी राहिली, हे एवढंसं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. ढाब्यावरच्या त्या माणसाची मी वर्षभर टिंगल केली होती आणि आता मी त्याच्या जागी उभा होतो. मी एवढंच म्हणालो, ‘थांब जरा. अजून एक वर्ष जाऊ दे.’

भाची हसली. ‘तुम्हाला कवा काय पटलंय, मामा,’ ती म्हणाली आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळली.

महिन्याभराने तिचा फोटो आला. लाल कापड, लिंबं, पुठ्ठ्याची किल्ली, मागे तीच पिकअप. मला रागच आला. स्पष्ट सांगितलं होतं थांब म्हणून, आणि या पोरी कोणाचं ऐकत नाहीत. असं मी बायकोला दोन दिवस ऐकवलं. बायको म्हणाली, ‘तुम्ही स्पष्ट काय सांगितलं होतं?’ मी विषय बदलला.

हिवाळाभर तिची गाडी नीट चालली. मग एप्रिल आला.

त्या दिवशी हॅचरीतून खोकी उशिरा मिळाली. एरवी ती उजाडताना निघते आणि ऊन चढायच्या आत पोचते. त्या दिवशी दिंडोरी सोडायलाच साडेनऊ झाले. चाळीस खोकी, एकेका खोक्यात शंभर पिल्लं, सगळी नांदगावकडची. बाराच्या सुमारास मला तिचा फोन आला.

‘मामा, गाडी उभी राहिली. विंचूरच्या पुढं. पिवळा दिवा लागला आन सगळं बंद. पंखे बी बंद हायेत. तुमची गाडी घेऊन येता का?’

तिचा आवाज शांत होता, पण ती इतक्या भरभर कधी बोलत नाही. मी हौद्यातली यंत्रं अंगणात उतरवली आणि निघालो. निघालो कशात, तर त्याच जातीच्या गाडीत. नाशिकपासून विंचूरपर्यंत मी रस्त्याकडे कमी आणि डॅशबोर्डकडे जास्त बघत होतो. त्या दिवशी माझी गाडी एकदाही कुरकुरली नाही, अगदी गुणी बाळासारखी चालली. वाटेत कोणी हात करून गुण विचारले असते, तर बहुधा पुन्हा दहाच दिले असते.

भाचीची पिकअप रस्त्याच्या कडेला उन्हात उभी होती, मागची दारं सताड उघडी, हौदा रिकामा. मी आत डोकावलो. मग शेतातून हाक आली. रस्त्यापासून थोड्या अंतरावर कांद्याची चाळ होती. ज्यांनी चाळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी: लांबलचक शेड, भिंतींना पट्ट्यापट्ट्यांच्या फटी, खालूनही हवा, म्हणजे साठवलेला कांदा सडत नाही. अर्धी चाळ कांद्याने भरलेली होती आणि उरलेल्या अर्ध्यात माझ्या भाचीची खोकी एकेक करून मांडलेली होती. गाडी बंद पडल्यावर तिने मदतीच्या नंबरला फोन केला होता. त्यांनी तिला इंजिन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. ते तिने दोनदा केलं आणि मग फोन ठेवून समोरच्या शेतात पळत गेली. तिथल्या बाईने काही विचारलं नाही. ‘चाळीत आन, तिथं वारा हाय,’ एवढंच म्हणाली आणि स्वतः खोकी उचलायला आली. दोघींनी भर उन्हात चाळीस खोकी वाहिली.

छत्तीस खोक्यांतून चिवचिवाट येत होता. चाळीत शिरल्याबरोबर कानांवर आदळणारा तो आवाज मी विसरणार नाही. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. उरलेली चार खोकी हौद्यात अगदी मधे होती आणि तिथवर हात पोचायला वेळ लागला होता. ती चार भाचीने बाजूला घेतली होती. जमिनीवर बसून ती एकेक पिल्लू उचलून बघत होती. जिवंत निघालं की दुसऱ्या खोक्यात, नाहीतर शेजारच्या गोणपाटावर. गोणपाटावर पिवळा ढीग झाला होता.

मी तिच्याजवळ बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि खरं तर स्वतःची बाजू सावरायला म्हणून, मी म्हणालो, ‘मी तुला दिवाळीत सांगितलं होतं ना, थांब म्हणून.’

तिने मान वर केली नाही. ‘सांगितलं होतं.’

‘मग?’

‘मामा, तुमी लिहिलेलं मी आधीच वाचलं होतं. तुमचं नाव होतं, हुद्दा होता, दहापैकी दहा होते. मला वाटलं, तोंडानं मामा कशालाच चांगलं म्हणत नाय, पण लिहिताना खरं लिहितात.’ एक पिल्लू तिने तळहातावर घेऊन हलवून बघितलं आणि गोणपाटावर ठेवलं. ‘बोललेलं सोडा, लिहिलेलं दाखवा. तुमीच म्हणायचे ना.’

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोलू शकलो असतो. ती फक्त आपण गाडी कशी निवडली ते सांगत होती. मी तिच्याबरोबर पिल्लं निवडू लागलो. नंतर खोकी माझ्या गाडीत भरून आम्ही नांदगावला पोचवली.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हिस सेंटरवर गेलो. जाब विचारायला गेलो होतो, पण काउंटरवर बाटल्या धुणाऱ्यांची ती मुलगी बसलेली. तिच्यावर काय ओरडणार? ती माझ्याशी खोटं बोलली नव्हती. तिने मला खोटं बोलायची विनंती केली होती आणि ती मी आवडीने मान्य केली होती. टोइंग करून आणलेल्या भाचीच्या गाडीचं काय झालं होतं, विचारलं. तिने पडद्याकडे बघून सांगितलं, अपडेट बाकी होता. मग खालच्या आवाजात म्हणाली, ‘काका, तुमच्या भाचीताईंना पण फोन येईल.’ पुढचं ती बोलली नाही, एवढी लाज तिच्यात होती. माझ्यापेक्षा ती जास्तच होती.

घरी येऊन मी माझ्या त्या दोन ओळी आणि गुण बदलायला बसलो. तीन गुण टाकले, तारीखवार तिन्ही बिघाड लिहिले, चौथा भाचीचा लिहिला, हुद्दाही लिहिला. उत्तर आलं: ‘आपला सुधारित अभिप्राय पडताळणीसाठी पाठवला आहे. तोपर्यंत आधीचा अभिप्राय दिसत राहील.’ दहा द्यायला कोणाची पडताळणी लागली नव्हती. ती पडताळणी अजून चालू आहे. मी दर आठवड्याला बघतो. माझं ते छान वाक्य अजून तिथे आहे, आणि त्याच्याखाली ‘हा अभिप्राय उपयुक्त वाटला’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढतेच आहे. त्या लोकांना शोधून काढून सांगावं असं वाटतं. पण त्यांना सांगणार ते बोललेलं, आणि त्यांच्याकडे आहे ते लिहिलेलं.

भाचीने माझ्याशी अबोला धरला नाही. सणावाराला येते, नेहमीसारखी चेष्टा करते. तिने गाडीत पंख्यांसाठी वेगळी साधी बॅटरी बसवून घेतली आहे आणि गाडीच्या कंपनीच्या विजेला ती हात लावत नाही. कंपनीचा फोन आला तेव्हा तिने दोन म्हटलं. त्या मुलीचं काउंटर पुढच्या महिन्यात बदललं. इंटरनेटवरचे ते चार पूर्णांक सहा मात्र जिथल्या तिथे राहिले.

गेल्या महिन्यात भाचीने घरामागे स्वतःची छोटी शेड उभारली. थोडी पिल्लं स्वतःच वाढवून बघायची होती, त्यासाठी बोअरचं पाणी तपासायला तिने मला बोलावलं. लहान पिल्लांना खराब पाणी म्हणजे आठवड्यात शेड रिकामी, हे तिला ठाऊक आहे. मी दिंडोरीला जाऊन नमुना घेतला, घरी आणला, दोन दिवस लावून तपासला आणि दाखला घेऊन पुन्हा गेलो. पाणी चांगलं निघालं होतं. मी कागद तिच्या हातात दिला.

तिने तो वरून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘मामा, हे मोजलेलं हाय ना?’

चिडायला मला निमित्त पुरतं, पण त्या वेळी चिडलो नाही. मोजलेलं आहे, मी म्हणालो. तिने मान हलवली. कागदाची घडी मात्र घातली नाही. तो तसाच हातात धरून उभी राहिली. मी गाडीकडे गेलो आणि धुतलेली रिकामी बाटली घेऊन आलो. बोअरचा नळ दोन मिनिटं सोडून दिला, बाटली तिच्यासमोर त्याच पाण्याने विसळली, तिच्यासमोर भरली, वर चिठ्ठी लावली आणि म्हणालो, ‘पुन्हा करू, इथेच, गाडीतल्या यंत्रांवर. या वेळी तू शेजारी उभी राहा.’

राहू द्या मामा, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. तिने पदर खोचला आणि माझ्यामागून हौद्यात चढली.